आधी माझ्यावर

आमच्या कंपनीचे हजारभर कॉम्प्युटर ओवे गावचा एक माणूस जासईच्या कंटेनर यार्डात एका खुर्चीत बसून सांभाळायचा. पासवर्ड बदलणं असो की अपडेट टाकणं, प्रत्येक कामाची त्याने स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून ठेवलेली. एक एंटर मारला की सगळीकडे काम व्हायचं. पण नवी स्क्रिप्ट तो थेट लोकांवर कधीच सोडायचा नाही. ज्यांच्यावर चालवायची त्यांच्या यादीत स्वतःचं नाव वर टाकून एकट्यावर चालवून बघायचा.

"आधी माझ्यावर. बिघडलं तर माझं बिघडू दे ताई, लोकांना कामं हायत."

त्याच्या हाताखाली काम करताना मला हे जरा अतीच वाटायचं.

त्या सोमवारी हेड ऑफिसातून मेल आला. कामावरून कमी केलेल्या साठ जणांची कॉम्प्युटरवरची खाती अकरा वाजता बंद करायची होती. त्या लोकांना अजून कळवलेलंही नव्हतं. त्याने स्क्रिप्ट लिहिली, मी यादी तपासायला घेतली. बत्तिसावं नाव त्याचंच होतं. पाठवणाऱ्याने नावं वाचलीसुद्धा नसावीत. मी स्क्रीन नुसती त्याच्याकडे वळवली.

त्याने नाव वाचलं, तिथून उचललं आणि नेहमीसारखं सगळ्यात वर ठेवलं. एंटर मारला. त्याचा कॉम्प्युटर लॉक झाला. त्याने पासवर्ड टाकून पाहिला, दोनदा.

"बरोबर चालतंय," तो म्हणाला आणि डबा उचलला. "बाकीच्यांवर आता तुमी चालवा."