माथ्याच्या अलीकडे

माझे बाबा जन्मभर सह्याद्रीत भटकले, आणि मी कळायला लागल्यापासून त्यांच्या गुडघ्यांवरून त्यांच्याशी भांडत आले. त्यांचं भटकणं थांबलं. माझं भांडणं अजून चालू आहे.

साल दोन हजार सहा-सात असेल. आम्ही ब्रिस्टलला राहत होतो. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली, नवरा इथलाच, लंडनजवळ स्टॅनमोरमध्ये जन्मलेला. त्याचे आईवडील मराठी, पण त्याचं मराठी जेवणाच्या टेबलापुरतं. "माझा भूक लागला" म्हणायचा. मी "माझा नाही, मला" असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी "मला पोट दुखते" म्हणायचा. शेवटी मी नाद सोडला.

बाबा भूगोलाचे मास्तर. रिटायर झाल्यावर आमच्याकडे दहा आठवड्यांसाठी आले, ते येतानाच एक बातमी घेऊन आले. पुण्यात परत गेल्यावर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर डोंगर बंद, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. चहाचा पहिला कप संपायच्या आत त्यांनी मागणी ठेवली. "एक माथा गाठायचाय. या गुडघ्यांवर. मग डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे."

मागोमाग आईचा फोन आलाच. "धडधाकट पाठवलेत, तस्सेच परत पाठव. त्यांचं ऐकू नकोस." म्हणजे झालं! एकीकडे त्यांचा हट्ट, दुसरीकडे आईचा हुकूम, आणि मधे मी.

डोंगर नवऱ्याने शोधला. यॉर्कशरमधला इंगलबरा. चढ बेताचा, वाट मळलेली, आणि सगळा मुलूख चुनखडीचा. हे शेवटचं ऐकून बाबा इतके खूश झाले की विचारू नका. चाळीस वर्षं मुलांना फळ्यावर शिकवलेला खडक आता पायाखाली येणार होता. डोंगराच्या नावावरही त्यांनी लगेच कोटी केली. "इंगळे बरा, म्हणजे इंगळ्यांच्या प्रकृतीला उतार दिसतोय." नवऱ्याला काही कळलं नाही, पण तो मनापासून हसला. सासऱ्यांच्या प्रत्येक वाक्याला हसायचं, हे त्याने पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं.

मे महिन्याच्या बँक हॉलिडेला आम्ही क्लॅपहॅमला गेलो. लंडनचं नव्हे, हे वेगळं, मूठभर दगडी घरांचं गाव. पोचलो त्या संध्याकाळी गावाच्या वरच्या अंगाला जरा फिरलो. तिथे जमिनीवर पांढरट दगडाच्या लांबच लांब लाद्या पसरलेल्या, आणि दोन लाद्यांच्या मधल्या खोल भेगांत हिरवेगार नेचे वाढलेले. बाबा चक्क पालथे पडून भेगेत हात घालून बसले. "आपला दगड काळा, हट्टी. पाणी अंगावरून घालवून देतो," ते नवऱ्याला म्हणाले. "हा पाणी पितो. पिऊन पिऊन विरघळतो." नवरा हसला. या वेळी हसायचं काही नव्हतं, पण असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुरुवातीला झाडीतली वाट, मग दोन उंच कड्यांमधून जाणारी अरुंद घळ. तिथले दगड लोकांच्या बुटांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. वर मोकळं माळरान लागलं, आणि थोड्या अंतरावर गेपिंग गिल. कुंपण घातलेलं एक भलंमोठं विवर, आणि एक आख्खा ओढा त्यात उडी मारून नाहीसा होतो. बाबा कुंपणाशी दहा मिनिटं उभे राहिले. तिथेच बसून त्यांनी नी-कॅप काढून गुडघे चोळले, आणि मला दिसू नये म्हणून पाठ फिरवली. मला दिसलं.

त्यानंतरचा चढ खडा होता. तो संपतो तिथे एक छोटं शिखर आहे, खऱ्या माथ्याचा धाकटा भाऊ म्हणा. तिथवर पोचेपर्यंत बाबांचा उजवा गुडघा पँटच्या आतूनही सुजलेला कळत होता. समोर मुख्य डोंगराची उभी कड, आणि तिच्या वरच्या टोकाला ढग टेकलेला. मी म्हटलं, "बास. इथून खाली."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

उतरायचं म्हणून नी-कॅप शोधली, तर ती पिशवीत नव्हती. विवरापाशीच राहिली होती. उतरताना तर तीच हवी! मी चिडचिड करत म्हटलं, "तुम्ही दोघं इथे बसा, मी घेऊन येते." नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली, लक्ष ठेव. त्याने अंगठा वर केला.

जाऊन यायला मला पाऊण तास तरी लागला. परत आले तर ढग खाली उतरलेला, सगळं पांढरं, आणि नवरा एकटा दगडावर बसून फ्लास्कमधला चहा पितोय.

"बाबा कुठेत?"

"येतो म्हणाले."

"कुठे येतो म्हणाले?"

"माहीत नाही. उभा राहिला, पिशवी घेतली, म्हणाले, 'बरं, येतो मी.' सो आय वेटेड. आय थॉट... टॉयलेट."

"अरे, येतो म्हणजे गेले!" मी ओरडले. "आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात! येतो म्हणजे गेले रे!"

त्या बिचाऱ्याचा चेहरा बघवेना. त्याच्या घरी निघताना सगळे 'बाय' म्हणायचे, त्याला कोण सांगणार? म्हातारा माणूस एकटा धुक्यात डोंगर चढून जात होता, आणि हा सभ्यपणे त्याच्यासाठी अर्धा कप चहा ठेवून बसला होता.

आम्ही कड चढायला लागलो. मी "बाबा! बाबा!" अशा हाका मारत होते, आणि धुकं त्या गिळत होतं. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी जितकी घाबरले तितकी नंतर कधी घाबरलेली नाही. नवरा पुढे चालत होता, मधेच थांबून मला हात देत होता, आणि दर थोड्या वेळाने "सॉरी" म्हणत होता.

चढ संपून जमीन सपाट झाली तिथे दगड रचून केलेली खूण होती, आणि तिला टेकून बाबा बसले होते. कानटोपी घालून, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी शांत.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईच्या वाटचंही बोलून घेतलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथवर आलो आणि धुकं आलं. मग हललो नाही. धुक्यात जागा सोडू नये, एवढं कळतं मला." आणि मग जावयाकडे हात करून, "शिवाय मी यांना सांगून निघालो होतो."

"हो बाबा," नवरा म्हणाला. "माझा चूक."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून मी आणखी चिडले. बाबांनी समोरच्या पांढऱ्यात पाहिलं. "माथा इथून किती असेल गं?"

नवऱ्याने नकाशा काढला, कंपास धरला. "आय थिंक फार नाही. जाऊया?"

पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाबा थंडीने थरथरत होते. मी म्हटलं, "काही नको. बरंच असेल अजून. उतरा."

मला वाटलं होतं ते हट्ट करतील. केला असता तर मी कदाचित विरघळलेही असते. पण ते एकदा त्या धुक्याकडे बघून दगडावर हात टेकून उठले आणि नी-कॅप चढवायला पाय पुढे केला.

उतरायला दुप्पट वेळ लागला. नवरा एक पायरी खाली राहून चालत होता आणि बाबांचा हात त्याच्या खांद्यावर होता. बाबांनी त्याची शिकवणीच घेतली. "जातो म्हणणं अशुभ. म्हणून येतो म्हणायचं."

"मग खरंच यायचं असेल तर?"

"तर आलोच म्हणायचं."

"पण ते पास्ट टेन्स आहे!"

"हो. म्हणजे अजून आलेलो नाही."

नवरा थांबलाच. येतो म्हणजे गेलो, आणि आलो म्हणजे अजून यायचंय. एवढ्यावर तो जो हसायला लागला, तो पहिल्यांदाच मनातून समजून हसला. बाबाही हसले. त्या दिवसानंतर बाबा त्याला अहो-जाहो करायचे बंद झाले.

ठरल्याप्रमाणे पुण्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. बाबा मंडईपर्यंत चालू लागले, जिने चढू लागले. डोंगराचं नाव काढलं नाही. ज्या माणसाने लहानपणी मला खांद्यावर बसवून किल्ले दाखवले, तो आता गच्चीवरून सिंहगड बघून खाली यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पुन्हा इंगलबऱ्यावर गेलो. आकाश निळं, वारा बेताचा. कड चढून सपाटीवर आलो तर ती दगडांची खूण तिथेच होती. मी मान वर केली, आणि समोरच माथा. अगदी समोर! माथ्यावरचा पांढरा खांब, वाऱ्यासाठी बांधलेली आडोशाची भिंत, तिच्याआड बसून सँडविच खाणारी माणसं. सपाट जमीन, एकही चढ नाही. आम्ही चालत गेलो. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी खांबाला हात लावला नाही. मला लावता येईना. भिंतीच्या आडोशाला बसून रडले. नवरा शेजारी बसला. "यू कुडन्ट सी इट," एवढंच म्हणाला. पण त्याने नकाशा बघून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी नेहमीसारखा फोन लावला. वीकेंडला कुठे गेला होतात, बाबांनी विचारलं. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं, पण तोंडातून खरं निघून गेलं. "त्याच डोंगरावर."

"असं? हवा स्वच्छ होती का?"

"होती."

"मग दिसलं असेल तुला. आपण बसलो होतो तिथून किती राहिलं होतं गं?"

नवरा समोरच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "खूप होतं बाबा," मी म्हटलं. "पाऊण तास तरी. आणि चढ तर विचारूच नका."

"बघ!" ते एकदम खुलले. फोन बाजूला धरून आईला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. "अगं, ऐकलंस का? पाऊण तास होता अजून! पोरगी होती बरोबर म्हणून वेळेवर उतरलो." आणि मग पुन्हा फोनवर, मला, "शहाणी गं माझी बाय ती."