पायाला लावायची रम

माझ्या वडिलांना मी भर चौकात दारुडा ठरवलं. त्या वेळी त्यांनी थेंबही घेतलेला नव्हता. पुढं कित्येक दिवस मी याला गैरसमज म्हणत राहिलो. कसला गैरसमज? खरं काय ते आईनं मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी तासगावला हायस्कुलात शास्त्र शिकवायचो आणि शनिवारी दुपारी गावी यायचो. ज्ञानेंद्रियांचा धडा हा माझा हातखंडा. फळ्यावर त्वचेचा छेद असा काढायचो, की मुख्याध्यापक इतर मास्तरांना बघायला बोलवायचे. असल्या या विद्वानाच्या घरात एका माणसाचे पाय बधिर होत चालले होते आणि विद्वान त्याच्या अंगाचा वास घेत होता.

आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साखरेचा आजार निघाला तेव्हा चहातली साखर आणि संध्याकाळची रम त्यांनी एकाच दिवशी बंद केली. कोटा मात्र दर महिन्याला साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून आणायचे. आमच्याकडं पेन्शनरानं रमचा कोटा सोडणं म्हणजे उसाच्या पाण्याची पाळी सोडण्यासारखं. पण आणलेली बाटली संपायचीही. आबांच्या अंगाला वास यायचा. चालताना ते पाय फाकवून, आपटत, जमिनीकडं बघत चालायचे.

"आरं, पायाला चोळत्यात त्ये," आई म्हणाली होती. "पाय गार पडल्यात म्हणं. कापसावर चालल्यावानी वाटतंय."

"मग पायच झिंगले म्हणायचे," मी म्हणालो आणि स्वतःच्या विनोदावर हसलो.

मला ते स्वतः बोलले नव्हते. पलटणीत पायांची तपासणी व्हायची आणि पाय गेलेल्या जवानाला घरी धाडायचे. आता ते घरीच होते, तरी लपवत होते.

त्या शनिवारी मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. साताऱ्याची एस.टी. आली, आबा उतरले, गाडी निघून गेली. डावी चप्पल गाडीतच राहिली होती. आबा खडीवरून तसेच आमच्यापर्यंत चालत आले.

"सुभेदार, डाव्या पायाला रजा दिलीसा व्हय?" हॉटेलवाला म्हणाला. सगळे हसले.

आबांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसं. तोल जाऊन त्यांनी खांब धरला, पिशवीत बाटली वाजली, आणि मला जे सिद्ध करायचं होतं ते झालं.

"आबा, प्यायचीच हाय तर घरात बसून प्या. माझी अब्रू अशी रस्त्यावर सांडू नका."

लोकांची थट्टा तिथंच थांबली. हसणारे कपात बघायला लागले. आबा एवढंच म्हणाले, "चल घरी." आणि पुढं निघाले.

त्यानंतर आबा हॉटेलात जायचे बंद झाले. भांडणात ज्यांच्या शब्दाला गाव मान द्यायचं, त्यांना आता कुणी बोलवेना. पोटचा पोरगाच, तोही मास्तर, सांगतोय म्हटल्यावर गावानं तरी काय करायचं? मी घरातली बाटली गोठ्यात ओतली आणि समाज सुधारल्याच्या थाटात तासगावला गेलो.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी आबा न्हाणीत पडले. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि उभे कोसळले. घरात रमचा थेंब नव्हता. मी उचलायला गेलो तर डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू. तो किती दिवसांचा हे आबांना सांगता येईना. दुखलंच नव्हतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा बोळा कुठं लागतोय ते सांगा म्हणाले. आबा ताठ बसून उत्तरं द्यायला लागले, "उजवा अंगठा, साहेब. डावी टाच, साहेब." डॉक्टरांचा हात तेव्हा टेबलावर होता.

साखरेनं पायांच्या नसा बधिर झाल्यात, ते म्हणाले. पायाला जमीन कळत नाही, म्हणून हे डोळ्यांनी चालतात. डोळे मिटले की पडतात. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी हळूच सांगितलं, शास्त्र शिकवतो. ते माझ्याकडं बघत राहिले.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. मी दर शनिवारी येऊन जखम धुवायचो, पाणी आधी माझ्या कोपरानं बघायचो आणि वाटायचं, फिटलं. दसऱ्याला आबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिलो. केवढं समाधान! वर पाहिलं तर आबांनी पान उलटलं होतं. कुणी पाया पडलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. मी सगळ्यात स्वस्त जागा शोधून माफी ठेवली होती, जिथं ती पोचणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हॉटेलात चला म्हणालो. ते नको म्हणाले. मी काठी हातात दिली. ते जमीन बघत, मी त्यांचा दंड धरून, आम्ही गेलो. त्या दिवशीचे बहुतेक जण बाकावर होते. मी बसलो नाही.

"आबा, त्या दिवशी मी हितं तुमाला दारुडा म्हणालो. तुमी पीत नव्हता. तुमचे पाय आजारी होते. आईनं सांगितलं होतं, तरी मी हसलो. माझं चुकलं. मला माफ करा."