नवसाबाईंनी खाली न घेतलेली झेंडी

नवसाबाई गांगुर्डे शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत बँडेजमध्ये होता. खाटेशेजारी साइटचा सुपरवायझर ललित उभा होता आणि तो हवालदाराला सांगत होता, “बाई मोबाईलवर बोलत होती. डंपर मागे येतोय हे तिला ऐकूच आलं नाही.”

नवसाबाईंकडे मोबाईल नव्हताच. घरात एकच होता आणि तो नवऱ्याच्या, कोंडाजीच्या खिशात असायचा. कोंडाजी त्या दिवशी निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला गेला होता. नवसाबाईंनी बोलायचा प्रयत्न केला, पण घसा इतका कोरडा पडला होता की नुसती खरखर बाहेर आली. हवालदाराने मान डोलावली आणि दोघंही वॉर्डाबाहेर निघून गेले. पावलाचा पुढचा भाग डॉक्टरांना काढावा लागला हे त्यांना संध्याकाळी कळलं, तेव्हा त्या रडल्या. ललितचं वाक्य आठवलं तेव्हा मात्र रडू थांबलं. पायाचं दुःख आणि त्या वाक्याचा संताप, यांत त्या रात्रभर संतापच उगाळत राहिल्या, असं कोंडाजी सांगतो.

कळवण तालुक्यातल्या एका खेड्यातून हे दोघं लग्नानंतर नाशकात आले. कोंडाजी मिळेल ते काम करी आणि नवसाबाई बांधकामावर जात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल आणि आवाज असा की मिक्सर चालू असतानाही दुसऱ्या मजल्यावर ऐकू जावा. पिण्याचं पाणी उन्हात ठेवलं म्हणून त्या मुकादमाशी भांडत, बायकांसाठी आडोसा बांधला नाही म्हणून काम थांबवत. त्यामुळे मुकादमांना त्या नकोशा वाटत, पण काम चोख म्हणून बोलावणं चुकत नसे.

पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोठ्या इमारतीच्या तळघराचं काम चाललं होतं. खड्ड्यात उतरायला मातीचा एक उतार केला होता. त्यावरून डंपर मागे मागे येत, मुरूम ओतत आणि वर जात. डंपर मागे येऊ लागला की त्याचा हॉर्न आपोआप वाजायचा. शिवाय लाल झेंडी घेतलेला एक माणूस डंपरच्या मागे उभा असायचा. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली की दिवसभर त्या टीं-टीं आवाजाने डोकं उठतं, मुलांच्या परीक्षा आहेत. खरं तर उपाय सोपा होता. गाड्यांच्या वेळा ठरवता आल्या असत्या, उताराची दिशा बदलता आली असती. पण ललितने ड्रायव्हर दिनेशला हॉर्नची वायर काढायला सांगितली. दिनेश म्हणाला की मागचं आरशात काही दिसत नाही. “हळू घे, काय होतंय?” एवढंच ललितचं उत्तर. त्याच आठवड्यात माणसं कमी पडली म्हणून झेंडीवाल्यालाही सिमेंट उतरवायला पाठवलं. म्हणजे आवाज गेला आणि डोळेही गेले. डंपर मात्र पूर्वीसारखाच मागे येत राहिला.

नवसाबाई आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कुसाबाई उताराच्या पायथ्याशी मुरूम पसरत होत्या. दोघींची पाठ उताराकडे होती. कुसाबाईंना सावली हललेली दिसली आणि त्या ओरडल्या. नवसाबाईंनी उडी घेतली, पण ओल्या मुरुमात पाय घसरला. चाक पावलावरून गेलं. दिनेशला किंकाळी ऐकू आली तेव्हाच कळलं की मागे कुणी होतं.

पोलिसांनी त्याला त्याच दिवशी धरलं. गुन्हा निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा. म्हणजे सरकारदरबारी दोषी ठरले दोघं: एक पायाने अधू झालेली बाई आणि एक ड्रायव्हर. ज्यांनी वायर काढायला लावली, ज्यांनी माणूस हलवला, ते खुशाल साइटवर हेल्मेट घालून फिरत होते.

चार-दोन दिवसांनी ललित फळं घेऊन दवाखान्यात आला. उपचाराची काळजी करू नका, कंपनी बघेल, फक्त जबाब घ्यायला पोलीस आले की लक्ष नव्हतं म्हणा, असं तो फार मऊ आवाजात सांगत होता. नवसाबाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

“माझ्याकडं मोबाईल नाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोटं का बोलले, ते आधी सांगा.”

“मावशी, तसं सांगितलं की तुमच्यावरही काही येत नाही आणि आमच्यावरही.”

“आन् दिनेशवर?”

फळांची पिशवी नवसाबाईंनी त्याच्याच हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी दिनेशची बायको रूपाली आली. आपल्याला शिव्याशाप मिळणार या तयारीनेच ती आली होती. नवसाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत, पण जवळही घेतलं नाही. दिनेशने पोलिसांना वायरचं सांगितलं का, एवढंच विचारलं. रूपाली खाली बघत म्हणाली की तो भितो. एकदा नाव खराब झालं की नाशकात कुणी गाडी हातात देणार नाही. यावर नवसाबाई भडकल्या. “तो भितो म्हणून उद्या आणखी एकीचा पाय जाईल,” त्या म्हणाल्या. “त्याला सांग, मी त्याच्यावर आळ घालणार नाय. पण त्यानं तोंड मिटलं तर मी त्याला माणूस म्हणणार नाय.”

दवाखान्यातून सुटल्यावर त्या घरी थोडे दिवसच टिकल्या. कुबड्या काखेत धरायची सवय होताच कोंडाजीला रिक्षा करायला लावली आणि थेट त्या शेजारच्या सोसायटीच्या फाटकाशी उतरल्या. वॉचमनने आत सोडलं नाही, तर फाटकाशेजारच्या दगडावर बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, आवाजाची तक्रार कुणी केली? लोक तोंड चुकवून गाड्या आत घेत होते. शेवटी बँकेतून घरी आलेली शुभांगी नावाची बाई थांबली. तिने पायाकडे पाहिलं.

“तक्रार मीच केली होती, मावशी,” ती म्हणाली. “साइटवर जाऊन त्या ललितशी बोलले. दोन दिवसांनी तोच म्हणाला, ताई, तुमचा हॉर्न बंद करून टाकला. मला वाटलं काहीतरी दुसरी सोय केली असेल.”

“वाटलं,” नवसाबाई म्हणाल्या. “खाली बघायला किती वेळ लागला असता, ताई? तुमच्या खिडकीतून सगळा खड्डा दिसतो.”

शुभांगी पळाली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती नवसाबाईंबरोबर पोलीस ठाण्यात आली आणि ललित काय म्हणाला होता ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. कुसाबाईंनी मोबाईलची गोष्ट साफ खोटी असल्याचं सांगितलं. आणि जामिनावर सुटलेला दिनेश, बहुधा रूपालीनेच ढकलल्यामुळे, स्वतःहून येऊन वायरबद्दल बोलला. ठाण्यातल्या साहेबांना मग ललितचं आणि ठेकेदाराचं नाव गुन्ह्यात घालावं लागलं. मोबाईलचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. खोटं बोलणाऱ्याने ते मागे घेतलं नाही, नुसतं विसरल्यासारखं केलं.

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात. ललितला कंपनीने आडगावकडच्या दुसऱ्या कामावर पाठवलं, तो तिथेही सुपरवायझरच आहे. हे आठवलं की नवसाबाई आजही भाकरी थापता थापता थांबतात.

पाथर्डीच्या साइटवर हॉर्न परत बसला, उताराभोवती आणि कामाच्या जागेभोवती माणसं अडवायला दोरी बांधली गेली. पावलाच्या पुढच्या भागात स्पंज भरलेला बूट मिळाल्यावर नवसाबाई तिथेच गेल्या आणि झेंडीचं काम मागितलं. कोंडाजीचा विरोध होता. ठेकेदाराचीही इच्छा नव्हती, पण कामगार कार्यालयाच्या माणसाची ये-जा चालू होती, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी आणि कपाळावर कायमची आठी. बायका गमतीने त्यांना फौजदार म्हणतात.

पहिल्या स्लॅबच्या पूजेला मालकाचे पाहुणे आले होते. क्रेन सळ्यांची मोळी वर नेत होती आणि पाहुणे फोटो काढत काढत नेमके तिच्याखाली सरकले. नवसाबाईंनी शिट्टी फुंकून झेंडी उभी केली. क्रेन थांबली, मोळी अधांतरी लोंबकळत राहिली. इंजिनीअर अमित धावत आला.

“मावशी, मालकांचे पाहुणे आहेत. दोनच मिनिटं.”

“असू दे. मोळी सुटली तर तिला कळणार हाय का कोण कोणाचं?”

झेंडी खाली आली नाही. पाहुणे कुरकुरत दोरीच्या बाहेर गेले, तेव्हाच क्रेन हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने नवसाबाईंना सांगितलं की आजपासून तुम्ही टाकीवर पाणी भरा, झेंडी दुसरा बघेल. दुसरा म्हणजे कुणीच नव्हता. कुसाबाईंनी घमेलं जमिनीवर ठेवलं. बाकीच्या बायकांनीही ठेवली. कुणी घोषणा दिल्या नाहीत, सगळ्या सावलीला जाऊन बसल्या. दिनेशच्या जागी आलेल्या नव्या ड्रायव्हरनेही डंपर उताराच्या तोंडाशीच बंद केला आणि मागे माणूस नसेल तर गाडी हलणार नाही म्हणाला. काँक्रीटच्या गाड्या रस्त्यावर अडकून पडल्या. अमित दोनदा येऊन समजावून गेला.

जेवणाच्या सुट्टीआधीच नवसाबाईंना झेंडी परत मिळाली. माफी कुणी मागितली नाही. त्या उताराच्या कडेला आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, मुरूम पसरायला निघालेल्या बायकांना आधी बाजूला घेतलं आणि मग डंपरला ये म्हणून हात केला.