करुणाकाकूंची लाट

करुणाकाकू पहिल्यांदाच नागपूर पाहायला आल्या होत्या. आश्विनातलं ऊन तापत होतं, म्हणून मी मेट्रो, संग्रहालय आणि संध्याकाळी फुटाळा तलाव असा बेत आखला होता.

“मले वॉटर पार्कले ने,” त्या म्हणाल्या. “टीव्हीत लाटा पाहिल्या.”

“आपल्या गावात, आंधळगावात, तलाव आहे की, काकू.”

“तिथं लाटा काय म्हशी मारतेत?”

वॉटर पार्कमध्ये पोहण्याचे कपडे भाड्याने मिळाले. ते गुडघ्याच्या वरच संपत होते. काकू टॉवेल गुंडाळून आल्या आणि बाकावर बसल्या.

“तू जा. मी इथंच बरी.”

“का?”

त्यांनी टॉवेल जरा सरकवला. डाव्या मांडीवर काळा, चामड्यासारखा जाड पट्टा होता. काकू कोशाचं रेशीम काढतात. उघड्या मांडीवर घासूनच त्या धाग्याला पीळ देतात. मी त्यांच्या शेजारी लहानाची मोठी झाले. त्यांच्या धाग्याची साडी नेसून पदवी घेतली. हे मात्र आज पाहिलं.

“लोक हासतीन ना वो?”

मी घाईने टॉवेल पुन्हा त्यांच्या मांडीवर ओढला.

“पाह्य, तुनंच झाकलं.”

इतक्यात लाटा सुरू होण्याचा भोंगा वाजला. सगळे पाण्याकडे पळाले. काकू उठून उभ्या राहिल्या.

“पाहतीन तं पाहू दे. लाट माह्यासाठी थांबते काय?”

टॉवेल माझ्या अंगावर टाकून त्या गेल्या. पहिली लाट येताच त्यांनी एका अनोळखी बाईचा हात घट्ट धरला. मग दोघीही मोठ्याने किंचाळल्या.