वरून दिसलेली पथारी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच आहे: माझ्या आत्याचे. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. नंदुरबारबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या आहेत, म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी रानं. थंडीत ती जमीन नजर पोचेल तिथवर लाल होते. त्यातल्या एका पथारीवर फुई बायकांच्या टोळीची मुकादम आहे. आमच्या धानोरा गावाहून मला शिकायला तिनं स्वतःच्या घरी आणून ठेवलं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पोचलो तो तिच्या हातची भाकरी खाऊन.

पुढे सुरतला नोकरी लागली. नंदुरबारच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर छोटं विमान चालवायला शिकवतात हे कळलं, आणि मी रजा साठवायला लागलो. फुईला सांगितलं तेव्हा ती मिरच्यांचे देठ खुडत होती.

“कितलं मोठं शे तुन्हं इमान?”

“दोन जण बसतीन एवढं.”

“मंग आमना टेम्पो बरा. आन वर जाईसन बंद पडनं त?”

“बंद पडनं तरी दनकन पडस नही फुई, तरंगत येस.”

“हा, तू आन तुन्हं तरंगणं!” शेजारच्या बाया खो-खो हसल्या.

खरं सांगतो, त्या विमानाचं मला अजून वेड आहे. टेकून उभं राहिलं तर पत्रा हलकासा दबतो. उड्डाणाआधी पंखाखालून थोडं इंधन काचेच्या नळीत काढून त्यात पाणी तर नाही ना, हे पाहावं लागतं. इंजिन सुरू झालं की खुर्ची, दार, दात, सगळं थरथरतं. आणि मग धावपट्टीवर एक क्षण असा येतो की चाकांची खडखड एकदम थांबते. तो क्षण कितीही वेळा आला तरी मी मनात ओरडतोच.

परवान्याआधीची मोठी परीक्षा म्हणजे एकट्यानं दूरच्या गावापर्यंत जाऊन परत येणं. माझ्या वाट्याला नंदुरबार आलं! रजा संपत आली होती. या खेपेला जमलं नाही, तर परवाना पुढच्या रजेपर्यंत लांबणार होता.

शिकवणारे सर जुन्या वळणाचे, कडक. म्हणाले, “शहरावर एक वळसा घालायचा आणि परत यायचं. सापडलं नाही तर रेडिओवर सांगायचं. लाजायचं नाही.”

“सर, माझंच गाव आहे. सापडणार नाही कसं?”

“जमिनीवर तुझं आहे. वरून पाहिलंयस कधी?”

मी हसलो. नकाशावर मी रस्ता, रेल्वे, सगळं आखलं होतं. पण माझा खरा भरवसा लाल पेन्सिलीनं रंगवलेल्या पथाऱ्यांवर होता. एवढा लाल रंग दुसऱ्या कुठल्या गावाला आहे?

सकाळ स्वच्छ होती. आदल्या दिवशीचं आभाळ विरून गेलं होतं. शेजारची खुर्ची रिकामी, त्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं. उजव्या हाताला दूर सातपुडा निळा दिसत होता, खाली कापसाची, पपईची शेतं. मी चक्क अहिराणीत गाणं म्हणत होतो. ऐकायला कोणी नव्हतं.

घड्याळाप्रमाणे नंदुरबार यायला हवं होतं. खाली घरं होती, पण लाल कुठेच नव्हतं. मातकट जमीन आणि तिच्यावर निळे-काळे चौकोन. गाणं बंद झालं. वाटलं, वाऱ्यानं आपल्याला बाजूला ढकललंय, हे दुसरंच काही गाव आहे. मी विमान पश्चिमेला वळवलं. पुढे नवापूरकडचं जंगल दाटू लागलं. रेडिओच्या बटणावर बोट गेलं. बोललो असतो, तर परीक्षा तिथंच संपली असती.

तेवढ्यात पंखाखाली रूळ चमकले. रेल्वे तरी जागा सोडत नाही. मी परत फिरलो आणि रूळ धरून मागे आलो. स्टेशन दिसलं, पुलाजवळ रिक्षांची रांग दिसली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. काल आभाळ आलं होतं! आभाळ आलं की मिरची गोळा करून ढीग करायचे आणि त्यावर प्लास्टिकचे कागद ओढायचे. लहानपणी मीही ते कागद धरून धावलो आहे. ते निळे-काळे चौकोनच पथाऱ्या होत्या!

मी वळसा घेतला. खाली ठिपक्यांएवढी माणसं कागद ओढत होती. एका चौकोनाची कड लाल झाली, मग अर्धा चौकोन, मग शेजारचा. माझ्या पंखाखाली गाव लाल होत होतं. मी एकटाच मोठ्यानं हसत होतो.

परत येऊन धावपट्टीवर उतरल्यावर सरांनी पाठीवर थाप मारली. मी लगेच फुईला फोन लावला. “फुई, मन्हासाठी कागद काढात का?”

“तुन्हासाठी कसाले? दंव सुकनं, कागद काढात. ठेव आते, वजन करानं शे.”

फोनवर ती मला याहून जास्त बोलू देत नाही. म्हणून परवाना हातात आल्यावर पत्र लिहिलं. बोलायला आमची अहिराणी. पत्र मात्र शाळेतल्या मराठीत.

*ती. फुईस सा. न.*

*परवाना मिळाला. आता शेजारच्या खुर्चीवर कोणालाही बसवता येतं. पहिली तू बसायचीस. नाही म्हणू नकोस.*

*त्या दिवशी तुझं गाव ओलांडून मी पुढे निघून गेलो होतो, हे तुला सांगितलं नव्हतं. ओळखलंच नाही. मग तुम्ही बायांनी कागद ओढले आणि मी वरून पाहत राहिलो. इतकी वर्षं तू त्या लालीत वाकून उभी आहेस, पण ती केवढी आहे हे तू कधी पाहिलेलं नाहीस. वाकलेल्या माणसाला पायापुरतीच दिसते. मला तुला ती सगळी एकदम दाखवायची आहे.*

*आभाळ नसेल अशी सकाळ बघून ये. पदर घट्ट खोच, दाराच्या फटीतून वारा येतो. इंजिनाचा आवाज फार होतो, कानाला लावायचं झाकण मी देईन. भीती वाटली तर माझा दंड धर, पण पुढच्या दांडीला हात लावू नकोस.*

*तुझा भाचा*