वर गेलेले हात

आमच्या चर्चच्या परिषदेच्या कामकाजात हात सारखे वर करावे लागतात. इतिवृत्त मंजूर करायचं, हात वर. समिती नेमायची, हात वर. जेवणानंतर एका खेड्यातली मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती उपासकांचा समूह, बंद करून तिथल्या चर्चला कुलूप लावण्याचा ठराव आला. तो इंग्रजीतच वाचला गेला. मग अध्यक्ष मराठीत म्हणाले, "हात वर करा."

माझ्या शेजारी त्याच मंडळीच्या प्रतिनिधी, रत्नामावशी, बसल्या होत्या. त्यांना गावाचं नाव तेवढं कळलं होतं. त्यांच्याकडे रविवारी कुणाच्या दुखण्यासाठी प्रार्थना मागितली, की सोबत प्रार्थना करणारे सगळे हात वर करतात. सभागृहभर उठलेले हात पाहून मावशींचे डोळे भरून आले. त्यांनीही हात वर केला.

"बाळा, आमच्या मंडळीसाठी एवढी माणसं!" त्या कुजबुजल्या.

आशीर्वाद द्यायला हात असाच उठतो, निरोप द्यायलाही असाच. हाताला बिचाऱ्याला काय ठाऊक?

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले. सगळे हात खाली आले. मावशींचा मात्र वरच होता. डोळे मिटून त्या 'आमेन'ची वाट पाहत होत्या.