वीतभर उंच झालेलं अंगण

सकाळपासून ढग दाटलेले आणि वारा नुसता पिसाटलेला. अशा वाऱ्यात पट्टी धरायची म्हणजे माणसाची परीक्षाच. डोक्यापेक्षा उंच, आकडे रंगवलेली ती पट्टी कवटाळून जमिनीची पातळी मोजणारी लेव्हलवाली उतारावर उभी होती. वरून दुर्बिणीला डोळा लावून नवरा ओरडत होता, "अगं, सरळ धर! झोपलीस काय?"

"मी सरळच आहे. तुमचीच मान वाकडी!"

मास्तरांना इथं घर बांधायचं होतं. परवानगीच्या अर्जाला जमिनीचे चढउतार मांडलेला नकाशा जोडावा लागतो. तो या नवराबायकोनं करायचा. त्यानं वाचायचं, तिनं धरायचं. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार असा पट्टीच्या दोन टोकांना चालला होता.

मास्तरांच्या जमिनीच्या खालच्या अंगाला एका म्हातारीचं घर होतं. तिकडची उंची घ्यायला दुर्बीण खाली न्यावी लागली. दुर्बीण हलवताना पट्टी ज्या दगडावर टेकलेली असते तो सोडायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नेम. जुनं माप नव्याला त्या दगडावरच बांधलेलं असतं. नवरा पाठमोरा तिपाई रोवत होता, तेवढ्यात म्हातारीच्या शेळीनं त्यांच्या डब्याच्या पिशवीत तोंड घातलं. लेव्हलवाली धावली. शेळी हाकलून परतली आणि घाईघाईत पट्टी शेजारच्या, वीतभर बुटक्या दगडावर टेकवली. ध्यानात आलं तोवर नवरा आकडा वाचून मोकळा झाला होता; आता इथून पुढची सगळी मापं वीतभर जास्त उंच येणार होती. सांगावं, तर तो जमदग्नी. जीभ उचलेना.

एरवी काम संपलं की तो उलट फिरून पहिल्या खुणेपर्यंत पडताळा घ्यायचा. आज वाऱ्याला वैतागून म्हणाला, "जाऊ दे. पट्टी तुझ्या हातात असताना पडताळा कशाला?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "पोरी, मास्तरांनी भर टाकली तर पाणी माझ्या दारात नाही ना यायचं? आता या वयात घर उपसायची ताकद नाही गं."

"नाही हो मावशी," ती म्हणाली. तांब्या तोंडाला न लावताच तिनं परत केला.

दुपारी स्वयंपाकघरातल्या मेजावर नवऱ्यानं नकाशा मांडला. "म्हातारी उगाच घाबरते. तिचं अंगण तर मास्तरांच्या जमिनीच्या खालच्या कडेच्या बरोबरीला आलंय. मोरी खुशाल तिकडून काढू दे."

ती भांडी घासत होती. हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"अहो, ते अंगण खाली आहे. मी दगड बदलला. शेळी आली होती."

"शेळी?"

"डब्यात तोंड घातलं होतं तिनं."

"मग तेव्हा दातखीळ बसली होती?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलोच असतो! म्हणून काय त्या बाईच्या घरात पाणी सोडायचं?" त्यानं पेन्सिल आपटली. मग नकाशा गुंडाळला. "मीही शहाणा. पडताळा सोडला. चल, ऊठ. उजेड आहे तोवर उरकू."

त्यांना परत आलेलं पाहून म्हातारी दारात आली. "आता काय राहिलं गं?"

"चूक झाली, मावशी, माझीच. मगाशी तुम्हाला नाही म्हटलं ते खोटं. पाणी तुमच्याकडेच उतरतं. आता खरं माप घेतो. मास्तरांना मोरी दुसरीकडून काढायला सांगतो."

म्हातारी शेळीचं दावं खुंट्याला आवळू लागली.

"अगं, सरळ!" वरून हाळी आली.

लेव्हलवालीनं पट्टी सरळ केली आणि दगडावर गच्च धरली.